बर्फाचं गाव

गोरेगावातून सेनगावला जाताना जीपवाल्याशी घासाघीस करणारा ग्यानबा आता एकट्यानं युरोप पाहायचं म्हणत होता, तोही हिवाळ्यात. पुतणी प्रतिक्षा मोबाईलवर स्वस्त खोल्या शोधत होती. “काका, हिवाळ्यातच काहून?” “तवा तिकडं कुत्रंबी फिरकत न्हाई, म्हणून भाडं कमी. अन् तुझ्या काकूला बर्फ बघायचा होता.” “मग हे बघा, खिडकीखालीच बर्फ!” तिनं फोटो मोठा केला आणि ग्यानबानं त्या बर्फावर बोट टेकवलं. मे महिन्यात त्याची बायको आशाबाई गेली, तेव्हा पोरगं बंगलोरहून पोचेपर्यंत तिला हिंगोलीहून आणलेल्या बर्फाच्या लाद्यांवर ठेवलं होतं. ग्यानबानं हळूच तिच्या पाठीखाली चादर सरकवली, तर भावकीनं “येडा झाला का?” म्हणत ती ओढून काढली. “करू का बुक?” ग्यानबानं मोबाईल बाजूला सारला. “न्हाई गं पोरी, दुसरं गाव बघ. तुझ्या काकूला गारठा सोसत न्हाई.”