बिनबटणांची गाडी

जुन्या गाडीत बाबांचा हात न बघताच नेमका बटणावर पडायचा. शेजारी बसलेली आई रस्ताभर मुकाट्याने खिडकीबाहेर बघायची.

नव्या गाडीत सगळंच स्क्रीनवर. एसी कमी करायच्या नादात बाबा पुढच्या ट्रकवर आदळता आदळता वाचले, तेव्हापासून स्क्रीन आईच्या ताब्यात आला.

"अगं, जरा गार कर ना."

"गाणं लाव एखादं. तुला कुठलं आवडतं गं?"

परवा बाबा चाकात हवा भरून घ्यायला उतरले, तशी मागे बसलेली लेक म्हणाली, "आई, ही गाडी नुसतं तोंडाने सांगितलं तरी ऐकते. शिकवू का बाबांना?"

 

"खबरदार! इतक्या वर्षांनी आत्ता कुठे हा माणूस माझ्याशी बोलायला लागलाय!"