दोन बोटं भात

खरकट्याची बादली मृणालने काट्याला अडकवली. साडेअकरा किलो. आत बहुतेक भातच, पांढराशुभ्र, कुणाचं बोटही न लागलेला.

कडोदऱ्याच्या त्या यंत्रमागांच्या कारखान्यात तीन आठवडे ती हेच मोजत होती. किती शिजलं, किती उरलं, किती फेकलं. शेठने सांगूनच टाकलं होतं, शनिवारी बादली पाच किलोच्या आत आली नाही तर स्वयंपाकघर बंद, जेवण बाहेरून. म्हणजे उषाबाई आणि त्यांच्या हाताखालच्या तिघी घरी.

"मावशी, भात चौथा हिस्सा कमी टाका. फार शिजतोय."

"फार कुठं? शेवटच्या बाकाला पुरत नाही रोज," उषाबाई पदराला हात पुसत म्हणाल्या. "तुम्ही बादलीत बघता ताई. उद्या मी ताटात बघते."

दुसऱ्या दिवशी त्या चूल सोडून बाकांपाशी येऊन उभ्या राहिल्या. हाताखालची जागृती भात वाढत होती. "भात आपू?" ती गुजरातीत विचारायची, आणि समोरचा नुसती मान हलवायचा. बारा तास मागांच्या खडखडाटात उभी राहून आलेली माणसं. शरीर बाकावर, कान अजून मागापाशी. त्यात निम्मे ओडिया. मान हलली की डाव पडायचा, पडला की तसाच राहायचा.

उषाबाईंनी जागृतीचा हात धरला. "विचारू नको गं, दाखव."

डाव उचलून त्यांनी समोरच्या बळीरामकडे बघत भुवया उंचावल्या. त्याने एक बोट वर केलं. शेजारच्या ओडियाने दोन. पलीकडच्याने ताटावर पालथा पंजा धरला. मागांवर सगळे असंच बोलतात. दोरा तुटला, पाणी आण, शेठ आला, सगळं हातानं.

मृणाल बघतच राहिली. "हे कुठे शिकलात मावशी?"

"घरात. आमचा माणूस मागावरच होता. भांडायचाबी हातानंच, मेला. मी पाठ फिरवली की भांडण संपलं!"

शनिवारी शेठ स्वतः काट्यापाशी आला. चार किलोला थोडं कमी. भात मूठभरही कमी शिजला नव्हता, आणि शेवटच्या बाकावर दोन बोटांना दोन डाव मिळाले होते. "सारुं. चालू राखो," म्हणून तो निघून गेला. मृणालने आपल्या कागदावरचं 'जास्त शिजवतात' खोडलं.

हात धुऊन निघालेला बळीराम दारात थांबला. उषाबाईंकडे बोट करून त्याने पाची बोटं जुळवून तोंडाशी नेली, भुवया उंचावल्या.

मृणालने घाईने पातेलं ओढलं. "अजून हवाय का त्यांना?"

"नाही वो ताई." उषाबाई एकाएकी आपल्या घरच्या बोलीवर आल्या. "तो इचारी ऱ्हायना, माय, तू जेवनी का?"