उंबऱ्याबाहेरच्या चपला

जयपूरच्या जौहरी बाजारातल्या गोविंदशरणजींचं रजयांचं दुकान एका कंपनीने आभासी जगातही थाटलं आणि गिऱ्हाइकांशी बोलायला सावनीला नेमलं. राजा पार्कातल्या भाड्याच्या खोलीत हेडसेट चढवून ती दिवसभर त्या दुकानातल्या पांढऱ्या गादीवर बसे. कुणी फिरकत नसे.

एका दुपारी दुकानाच्या उंबऱ्याबाहेर चपलांचा जोड दिसला. आत कुणीच नव्हतं.

तिने शेठजींना फोन लावला. ते खूश झाले. “गद्दी पे बैठना है तो चप्पल बाहर ही उतरेगी ना, बेटी!”

पण त्या जगात येणाऱ्यांना पायच नसतात. कमरेपासून वरची माणसं नुसती तरंगत येतात.

चपला रोज दिसू लागल्या. सावनी रिकाम्या गादीशी बोलू लागली. आधी रजयांचे भाव, मग नागपूर, मग आई. जयपुरात तिचं मराठी ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं.

आज चपला नव्हत्या. तिला रडूच फुटलं. हेडसेट काढून ती तोंड धुवायला उठली.

खोलीच्या दाराला आतून कडी होती. दाराशी, तिच्या चपलांशेजारी, तो जोड नीट काढून ठेवलेला होता.

मागे तिचा पलंग करकरला.

सावनीने वळून पाहिलं नाही. “चहा टाकते,” ती म्हणाली.