सोजरबाईची उबवणी

विमलच्या माळावर यंदाही माळढोकाने अंडं घातलं, हे कळल्यापासून सोजरबाईच्या घशाखाली घास उतरेना. वाटणीत विहिरीकडची काळी जमीन तिनेच मागून घेतली होती आणि खडकाळ माळ धाकट्या जावेच्या गळ्यात मारला होता. आता ज्याच्या गवतात मादी अंडं उबवेल, त्याला सरकार वर्षभर भाडं देई. वनखात्याने अंड्याला चिकटवलेली चिप जागा आणि अंड्यावर पडलेली सावली ओळखून ते कळवायची. सोजरबाईनेही ऊस मोडून गवत वाढवलं, पण पाखरू फिरकलं नाही.

“आक्का, दम धरा. तुमच्याकडंबी येईल,” विमल म्हणाली. त्या समजूतदारपणाने सोजरबाईचा आणखीच जळफळाट झाला.

दुपारी मादी चरायला गेली, तशी सोजरबाईने अंडं पदरात घालून बांधाच्या अलीकडे आपल्या गवतात आणून ठेवलं. मादी परतली आणि पलीकडच्या रिकाम्या खळग्यावरच जाऊन बसली. इकडे अंडं उन्हाने तापायला लागलं. शेवटी सोजरबाईच त्यावर पदर धरून ओणवी बसली.

कमरेचा फोन बोलू लागला.

“अभिनंदन. आपल्या जमिनीत माळढोकाची मादी अंड्यावर बसली आहे. पिल्लू बाहेर येईपर्यंत कृपया तिला उठवू नये.”