चांगुणाबाईंचा आवाज

गळ्यावरचं गोंदण पुरं झालं, तेव्हा बंदरात होड्या लागायला सुरुवात झाली होती. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढल्यापासून चांगुणाबाई तांडेल वर्षभर मुक्या होत्या. मासळीचा लिलाव आता दुसरीच कुणी पुकारत होती. शेवटी डॉक्टरांनीच त्यांना टॅटूच्या दुकानात पाठवलं होतं.

"ही शाई तुमच्या गळ्याची हालचाल ओळखून तुमच्याच आवाजात बोलेल," टॅटूवाली तेजल म्हणाली. "पण तिला शिकवायला तुमचा जुना आवाज हवा होता. तुमच्या घरात एकही रेकॉर्डिंग सापडलं नाही. माझ्याकडे एक होतं."

चांगुणाबाईंनी भुवया उंचावल्या.

"मी दुकान उघडलं, त्या दिवशी तुम्ही दारात उभं राहून ओरडला होतात. 'आमच्या पोरींची कातडी नासवायला आलीस काय!' पोलिसांना ऐकवायला म्हणून मी ते टिपून ठेवलं, पण जायची हिंमत झाली नाही. शाई तेवढंच शिकली आहे, मावशी. तुम्हाला हळू बोलता येणार नाही."

चांगुणाबाईंनी गळ्यावरच्या हिरव्या ठिपक्यांना बोट लावलं आणि तोंड उघडलं.

"मला हळू कधी बोलता येत होतं गं?"

दुकानाच्या काचा थरथरल्या. चांगुणाबाई पदर खोचून तशाच वाळूत उतरल्या आणि पापलेटच्या टोपलीपाशी उभ्या राहून त्यांनी पहिली बोली पुकारली.

दूर पाण्यात, अजून किनाऱ्याला न लागलेल्या होडीवरून कुणीतरी जिवाच्या आकांतानं ओरडलं, "थांबा चांगुणाबाई, आमचा माल येऊ द्या!"