दारापाशीची वही

छप्पन सालच्या दसऱ्याला आम्ही बौद्ध झालो, तरी इंग्रजीचे सर माझ्या वहीला हात लावत नसत. नववीच्या वर्गाला त्यांनी मनानं इंग्रजीत गोष्ट लिहायला सांगितली, तेव्हा माझी गोष्ट त्यांनी मला दारापाशी, माझ्या बसायच्या जागेवरच उभं करून नुसती ऐकली. आवडली त्यांना. म्हणाले, "उद्या वर्ध्याहून इन्स्पेक्टरसाहेब येताहेत. ही गोष्ट पाटलाचा रूपराव म्हणेल, स्वतःची म्हणून."

रूपरावला इंग्रजी कळत नसे, पाठांतर मात्र पक्कं. शाळा सुटल्यावर तो वही मागायला आला. देण्याआधी मी गोष्टीखाली एक ओळ वाढवली.

"शेवटची ओळ सोडू नोको," मी म्हटलं. "साहेबाले तेच आवडन."

दुसऱ्या दिवशी त्यानं साहेबांपुढे सगळी गोष्ट घडाघडा म्हटली. सर कौतुकानं मान डोलावत होते. मग त्यानं शेवटची ओळ इंग्रजीत खणखणीत म्हटली:

 

"ही गोष्ट दारापाशी बसणाऱ्या कमलाची आहे; सरांनी तिची वही हातात घेतली असती, तर ही ओळ त्यांनी खोडली असती."