नको म्हणणाऱ्यांची यादी

गाद्या विकणाऱ्या कंपनीत सकाळचं त्याचं पहिलं काम ठरलेलं. ज्यांनी जाहिरातीचे मेल नकोत म्हणून कळवलंय, त्यांचे पत्ते यादीतून काढायचे. कायदाच तसा होता. दहा दिवसांत पत्ता काढला नाही तर दंड, आणि एकदा काढला की त्यावर कंपनीचा मेल पुन्हा जाता कामा नये.

आज सतरा जण होते. अकरावा पत्ता त्याच्या आईचा.

तिनं कधी नाव नोंदवलंच नव्हतं. तीन वर्षांपूर्वी तो भांडून घराबाहेर पडला, फोन नंबर बदलला आणि पुढे एका दुपारी त्यानंच तिचा पत्ता गुपचूप यादीत घातला. मेलच्या तळाशी जबाबदार माणसाचं नाव द्यावं लागतं, तेही कायद्यानंच. ते नाव त्याचं होतं. दर मंगळवारी आईला गादीवर सूट मिळे आणि मुलगा जिवंत असल्याचं कळे. तिनं मेल उघडला की इथे खूण उमटे. एकही मंगळवार चुकला नव्हता. तेवढ्यावर या पठ्ठ्याचं भागत होतं.

कारणाच्या रकान्यात तिनं लिहिलं होतं: ‘गाद्या बघून विटले. खाली तुझं नाव असतं म्हणून उघडत होते. आता नुसत्या नावावर भागत नाही. काय ते स्वतः लिही.’

त्यानं ते दोनदा वाचलं. चेहऱ्यावरची माशीही हलली नाही.

शेजारच्या टेबलावरची सहकारी कागद घ्यायला आली आणि डोकावली. पत्त्यात त्याचंच आडनाव होतं.

“अरे, तुझी आई? मग लिही की तिला!”

“नको म्हटल्यावर पाठवता येत नाही. नियम आहे.”

“नियम कंपनीला आहे. मुलाला कुठे आहे?”

तो पुन्हा पडद्याकडे वळला. ती कागद घेऊन आपल्या जागेवर गेली.

आत काहीतरी हलायला हवं होतं, एवढं त्याला कळत होतं. हलत मात्र काहीच नव्हतं, आणि त्याचीच थोडी भीती वाटली. पडद्यावर नेहमीचा प्रश्न आला: पत्ता कायमचा काढायचा? त्यानं ‘हो’ दाबलं. अकराव्या ओळीवर खूण झाली.

बाराव्या ग्राहकानं कारण लिहिलं नव्हतं. ते पाहून त्याला बरं वाटलं.